ऊस प्रशिक्षण वर्गात परीक्षा कशासाठी?

— ऊस विकास अधिकारी




सुरू हंगामाच्या लागणी तोंडावर आल्या आहेत. दरवर्षीप्रमाणे यंदाही शेतकी खात्यामार्फत गटवार ऊस प्रशिक्षण वर्ग भरणार आहेत. गेल्या वर्षी या वर्गांत आम्ही प्रथमच परीक्षा घेतली आणि त्यावरून गटागटांत बरीच चर्चा झाली. काहींना ती आवडली. काही सभासद मात्र स्पष्टच म्हणाले, "साहेब, काय ती माहिती सांगा आणि सोडा. आमचं आता पेपर लिवायचं वय हाय का?" एका गटातले वडीलधारे सभासद तर परीक्षेचे नाव काढताच टोपी सारखी करून उठले आणि म्हशीच्या धारेचे निमित्त सांगून निघून गेले. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते!

त्यांचा राग मला समजतो. परीक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छडी, लाल शाई आणि नापासाचा शेराच येतो. परंतु आम्ही घेतली ती परीक्षा तशी नव्हती, आणि ती फक्त सभासदांचीही नव्हती. ती का घ्यावी लागली, तीतून सभासदांना काय मिळाले आणि मला स्वतःला काय मिळाले, हे वर्ग सुरू होण्यापूर्वी सविस्तर सांगावे म्हणून हा लेख.

दोन गोण्यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची हकिगत आहे. आपल्याच एका सभासदाचा एक एकर सुरू ऊस होता. गडी मेहनती. प्रशिक्षण वर्गाला सलग तीन वर्षे हजर, तोही पहिल्या ओळीत, हातात डायरी. जूनच्या अखेरीस मोठी बांधणी होऊन गेल्यावर मी त्याच्या फडात गेलो. ऊस फिकट पडलेला, कांडी बारीक, पानांना तजेला नाही. मी विचारले, "युरिया किती दिला?"

तो म्हणाला, "तुम्ही सांगितला तेवढाच की साहेब. एकरी शंभर किलो. दोन गोण्या, हप्त्यानं."

मी म्हणालो, "मी शंभर किलो नत्र म्हणालो होतो, युरिया नव्हे." त्याने डायरी काढून दाखवली. तीत त्याच्या अक्षरात लिहिले होते, "सुरू ऊस, एकरी १०० किलो." पुढे नत्र हा शब्दच नव्हता. माझ्या बोलण्यात तो आला होता, त्याच्या कानावरही पडला असेल, पण नत्र वेगळे आणि युरिया वेगळा हे त्याला कोणी नीट उलगडून सांगितले नव्हते. म्हणजे मी सांगितले नव्हते.

आता हिशेब पाहा. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. एकराला धरले तर १०० किलो नत्र आणि ४६-४६ किलो स्फुरद व पालाश. युरियात नत्र असते शंभर किलोत ४६ किलो. शिवाय युरियाची गोणी २०१८ पासून ५० किलोची राहिलेली नाही, ती ४५ किलोची झाली. म्हणजे दोन गोण्यांतून पिकाला नत्र मिळाले ४१ किलो. लागणीच्या वेळच्या डीएपीतले नत्र मिळवले तरी साठाच्या आतच. तीन वर्षे वर्गाला बसलेल्या सभासदाच्या उसाला शिफारशीच्या दहा आण्यांहूनही कमी नत्र मिळाले, आणि तेही माझे ऐकून.

त्या साली वजन भरले ते शेजारच्या फडापेक्षा बरेच कमी. विकास सोसायटीचे पीककर्ज वजा जाता हातात फार काही राहिले नाही. तो मला एका शब्दाने वाईट बोलला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमचं ऐकूनच टाकलं हुतं." शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मान हलली म्हणजे समजले असे नाही

त्या दिवसानंतर मी मागचे सगळे वर्ग आठवून पाहिले. मी बोलतो, तक्ता दाखवतो, शेवटी विचारतो, "समजलं ना?" सगळे म्हणतात, "समजलं." कोणी शंका आहे का म्हटले तर कोणी हात वर करत नाही. पाहुण्यांचे आभार, चहा, की वर्ग संपला. अहवालात आम्ही लिहितो, "अमुक इतके सभासद उपस्थित होते." उपस्थित किती हे आम्हाला पक्के ठाऊक असते. समजले किती जणांना, याचा आकडा मात्र कोणत्याच रजिस्टरला नसतो.

आपण शेतकरी असे आंधळे काम शेतात करत नाही. खत टाकण्यापूर्वी मातीचा नमुना देतो. तोडीपूर्वी कारखान्याचे कर्मचारी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने उसाचा ब्रिक्स बघतात. खालच्या कांड्याचा किती आणि वरच्या कांड्याचा किती, हे पाहून पक्वता ठरते. ऊस बाहेरून हिरवागार दिसतो म्हणून कोणी तोडीचा कार्यक्रम लावत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण मान हललेली पाहून समाधान मानतो.

डब्यांची परीक्षा

परीक्षा घ्यायची, पण कागदावर नको, असे आम्ही ठरवले. बऱ्याच सभासदांचा लिहिण्याचा सराव मोडलेला असतो. काही माता-भगिनींना लिहिता येत नाही, पण पीक मात्र आमच्यापेक्षा जास्त कळते. तेव्हा हाताचे अक्षर तपासायचे नाही, नजर तपासायची.

याची रीत आम्ही शोधून काढलेली नाही. १९८९ साली इंडोनेशियात भातपिकावरील किडींसाठी जागतिक अन्न व शेती संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडे कृषी खातेही शेतीशाळा घेते. त्या शेतीशाळांत मतपेटीची चाचणी असते. शेताच्या कडेने काठ्या रोवायच्या, प्रत्येक काठीला खरेखुरे रोप, पान, कीड किंवा खताचा नमुना बांधायचा, एक प्रश्न विचारायचा आणि खाली तीन उत्तरांच्या तीन पेट्या ठेवायच्या. ज्याने त्याने आपली चिठ्ठी आपल्याला पटेल त्या पेटीत टाकायची. चिठ्ठीवर नाव नाही. मतदान जसे गुप्त, तशी ही परीक्षा गुप्त.

आम्ही पेट्यांऐवजी तेलाचे रिकामे डबे वापरले. दहा काठ्या, दहा प्रश्न. ज्याला वाचता येत नाही त्याला चिटबॉयने प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर मात्र सुचवायचे नाही. फडाला एक फेरी मारून अर्ध्या तासात काम आटोपले. मग बांधावर बसून सगळ्यांसमोर डबे उपडे केले आणि चिठ्ठ्या मोजल्या.

पहिल्याच काठीला युरियाची गोणी होती. प्रश्न होता, "एकरी १०० किलो नत्र फक्त युरियातून द्यायचे तर गोण्या किती?" उत्तरे तीन: दोन, साडेतीन, जवळजवळ पाच. दोनचा डबा निम्म्याहून जास्त भरला होता. बरोबर उत्तर जवळजवळ पाच. त्या डब्यात चिठ्ठ्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे फिकट उसाचा तो सभासद एकटा नव्हता. इतकी वर्षे मी एकच चूक गावोगावी वाटत हिंडत होतो.

दुसऱ्या काठीला पांढुरका पिवळा पाला होता. हा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता, की गवताळ वाढ? दोन्हींत पाला पिवळा-पांढरा दिसतो, पण उपाय अगदी उलटे. केवड्यात पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. त्याला हिराकसची फवारणी चालते. गवताळ वाढीत गवतासारखे बारीक, फिकट फुटवे भसाभसा निघतात. तो रोग आहे आणि बेण्यातून पसरतो, म्हणून बेट मुळासकट काढून नष्टच करावे लागते. बऱ्याच चिठ्ठ्या चुकीच्या डब्यात पडल्या. ज्याला फवारायचे आणि ज्याला उपटायचे यातच गफलत झाली, तर पुढच्या सालच्या बेण्याचे काय होणार, सांगा.

तिसऱ्या काठीला पानावरची अळी होती. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हाची दैना जुन्या सभासदांच्या लक्षात असेल. माव्याच्या पुंजक्यात जाळी करून राहणारी आणि मावा खाणारी डिफाची अळी आम्ही दाखवली आणि विचारले, "मित्र, शत्रू की सांगता येत नाही?" शत्रूचा डबा गच्च. अळी दिसली की मारायची, हे आपल्या हाताला बसलेले वळण आहे. डिफा आपल्यासाठी मावा खातो हे आमच्या पत्रकात छापलेले होते. पत्रक घरोघरी गेलेही होते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. काणी आणि गवताळ वाढ ओळखण्याच्या काठ्यांवर आमच्या माता-भगिनींच्या चिठ्ठ्या पुरुषांपेक्षा जास्त बरोबर निघाल्या. त्यांना आम्ही वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या म्हणून हे समजले. खुरपताना, बेणे सोलताना त्यांची नजर प्रत्येक बेटावरून फिरते. तरीही इतकी वर्षे वर्गाचे निमंत्रण फक्त खातेदाराच्या नावाने जात असे. ही चूक त्या डब्यांनी दाखवली.

शिकणाऱ्याला काय मिळते?

पहिला फायदा हा की आपल्याला काय येत नाही, ते फडात पैसे घालण्यापूर्वी समजते. डब्यात चुकलेली चिठ्ठी फुकटात पडते. फडात चुकलेली गोणी वर्षभराची मेहनत घेऊन जाते.

दुसरा फायदा लक्षात राहण्याचा. नुसते ऐकलेले, वाचलेले चटकन समजल्यासारखे वाटते आणि चटकन जाते. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या काहींना तो एकदा वाचायला दिला आणि मग न बघता आठवून तीन वेळा लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांना मजकुराचा शंभरात सुमारे ४० इतकाच भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आठवायचा प्रयत्न केला की गोष्ट डोक्यात रुजते. वर्गात समजलेले फडापर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर यात आहे. वर्ग आणि फड यांच्यामध्ये पाच मिनिटे नसतात, चांगले तीन-चार महिने असतात.

तिसरा फायदा असा की चुकलेले जास्त पक्के होते. डिफाला शत्रू म्हणणारे एक सभासद पुढच्या महिन्यात मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "साहेब, काल फवारायला पंप भरला, आणि पान उलटून बघितलं तर तुमचा मित्र. पंप ओतून दिला ओ." त्यांची चिठ्ठी चुकली नसती तर त्यांनी पान उलटून बघितले असते की नाही, मला शंका आहे.

शिकवणाऱ्याला काय मिळते?

आता माझा निकाल सांगतो. दहापैकी चार प्रश्नांत बहुसंख्य सभासद चुकले. ते चारही विषय मी दरवर्षी शिकवत आलो होतो. एखाद-दुसरा सभासद चुकला तर त्याचे लक्ष नव्हते असे म्हणता येईल. निम्मा वर्ग एकाच डब्यात चुकीची चिठ्ठी टाकतो, तेव्हा चूक शिकवणाऱ्याची असते. पावसाने एक सरी बुडाली तर ती सरी खाली असेल. सगळा फड बुडाला तर चर काढणाऱ्यालाच विचारावे लागते.

आणखी एक गंमत. "बेण्याचे वय किती महिने असावे?" असा एक प्रश्न मी घातला होता आणि डबे ठेवले होते नऊ, दहा आणि अकरा महिन्यांचे. चिठ्ठ्या तिन्ही डब्यांत सारख्याच पडल्या. मी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा एक आप्पा म्हणाले, "साहेब, नऊ ते अकरा महिन्यांचं बेणं घ्या म्हणून तुम्हीच सांगितलं न्हवं? मग तिन्ही डबे बरोबर की!" सगळा बांध हसला आणि मीही हसलो. प्रश्न माझाच चुकला होता. परीक्षा घेतल्याशिवाय तेही कळले नसते.

त्यानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. खतांचा तक्ता भिंतीवर लावून वाचायचे बंद केले. वर्गात युरिया, डीएपी आणि पोटॅशच्या रिकाम्या गोण्या आणल्या आणि गोणीवरचे आकडे सभासदांकडूनच वाचून घेतले. मग प्रत्येकाने आपापल्या डायरीत आपल्या क्षेत्राचा हिशेब मांडला आणि शेजाऱ्याने तो तपासला. सुरू उसाच्या एका एकराचा हिशेब असा निघाला: डीएपी दोन गोण्या, त्यातून ४६ किलो स्फुरद आणि १८ किलो नत्र. उरलेल्या ८२ किलो नत्रासाठी युरियाच्या चार गोण्या. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश दीड गोणी. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला, निम्मे मोठ्या बांधणीला. नत्र चार हप्त्यांत: लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त.

शेवटच्या वर्गाला पुन्हा डबे मांडले. प्रश्न तेच नव्हते, नाहीतर पाठांतर होते. या वेळी विचारले, "दीड एकराला, दोन्ही खते धरून, डीएपी आणि युरियाच्या गोण्या किती?" तीन आणि सहा, या उत्तराचा डबा सर्वांत जास्त भरला. डिफाही या वेळी बहुतेकांनी मित्रांत घातला. गवताळ वाढीचे मात्र अजून पक्के झालेले नाही. म्हणून यंदा तो भाग रोगट बेट हातात देऊन शिकवायचा आहे. कोठे जोर द्यायचा आणि कोठे पुढे जायचे, हे आता मला अंदाजाने ठरवावे लागत नाही.

परीक्षा कशी नसावी?

परीक्षा चांगली म्हणून कोणतीही परीक्षा चांगली असे नाही. मातीचा नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याशेजारचा घेतला तर अहवाल खोटा येतो, हे आपण जाणतो. माणसाच्या परीक्षेचेही तसेच आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखी पेपर दिला, तर ऊस किती कळतो ते समजत नाही, लिहिता येत नाही एवढेच समजते. चारचौघांत नाव घेऊन चूक सांगितली, तर माणूस पुढच्या वेळी खरे उत्तर देत नाही, शेजाऱ्याचे बघून देतो.

आणि न घेता दिलेले गुण तर सर्वांत वाईट. मी कृषी पदविकेला होतो तेव्हाची गोष्ट. शाळेचे नाव घेत नाही. माती परीक्षणाच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला शेतात नेलेच नाही. वही सजवून दिली की सगळ्यांना पंचवीसपैकी तेवीस गुण. आम्ही खूश! पुढे नोकरीला लागल्यावर पहिलाच नमुना काढायला एका शेतकऱ्याकडे गेलो. ऐटीत खोरे मारले. त्याचे म्हातारे वडील बांधावर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, हितं परवापर्यंत म्हशी बांधल्या हुत्या. सोनं निघंल बघा मातीत." ते तेवीस गुण मला त्या दिवशी परत करावेसे वाटले. मास्तरांनी आम्हाला नापास केले असते तर बरे झाले असते, असे म्हणत नाही. त्यांनी एकदा शेतात नेऊन नमुना काढायला लावून बघितला असता, तर बरे झाले असते एवढेच.

घरातल्या मुलांचे काय?

हाच विचार आपल्या मुलाबाळांच्या शाळेलाही लागू आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही, असे होते. गावोगावी त्याचा अर्थ "आता परीक्षाच नाही" असा घेतला गेला. वास्तविक त्याच कायद्यात मुलाचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितले होते. नापास करणे बंद करायचे होते, तपासणे नव्हे. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि कमी पडलेल्यांना पुनर्परीक्षा असे ठरवले.

तपासले नाही तर काय होते, हे 'असर' अहवालावरून दिसते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होते. कार्यकर्ते घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०२४ च्या अहवालात निम्म्याच्या आसपासच होती. हजेरीपटावर पाचवी, वाचनात दुसरीच्याही मागे!

आपल्या गळीत हंगामात तोडणी मजुरांची मुले आईबापांबरोबर येतात. एका साखरशाळेतल्या बाई नवीन आलेल्या मुलाला इयत्ता विचारत नव्हत्या. त्याला जवळ बसवून आधी अक्षरे, मग शब्द, मग चार ओळी वाचायला देत होत्या. जिथे तो अडेल तिथून त्याचा अभ्यास सुरू. मी विचारले, "बाई, ही परीक्षा का?" त्या म्हणाल्या, "परीक्षा त्याची कसली? मला उद्या काय शिकवायचंय ते विचारतेय मी त्याला." इतके थोडक्यात मला या लेखात सांगता आलेले नाही.

तेव्हा घरी मुलगा किंवा मुलगी पेपर घेऊन आली की "किती पडले?" एवढ्यावर थांबू नका. "कुठं चुकलं आणि का चुकलं?" असे शेजारी बसून विचारा. पालकसभेत मास्तरांनाही विचारा की मूल कशात अडते. विचारणारा पालक चांगल्या शिक्षकाला हवाच असतो.

यंदाच्या वर्गांबाबत

यंदा गटवार वर्गांत पुढीलप्रमाणे व्यवस्था राहील.

१) पहिल्या वर्गाला आणि शेवटच्या वर्गाला डब्यांची परीक्षा होईल. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, शेअर नंबर काहीही लिहायचे नाही.

२) यात पास-नापास नाही. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, उसाचे बिल किंवा बेणे वाटप यांच्याशी या परीक्षेचा कसलाही संबंध राहणार नाही. याबाबत कोणी काही सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

३) खातेदाराबरोबर घरातील महिलांनी आणि प्रत्यक्ष शेत पाहणाऱ्या मुलांनीही यावे. निमंत्रण कुटुंबाच्या नावाने पाठवले जाईल.

४) येताना मागील वर्षाच्या खतांच्या पावत्या आणि माती परीक्षण अहवाल असल्यास आणावा. हिशेब आपल्याच शेताचा मांडायचा आहे.

५) शेवटच्या दिवशी अकरावी काठी माझी राहील. प्रश्न असेल, "साहेबांनी शिकवलेले समजले का?" डबे तीन: समजले, अर्धवट समजले, नाही समजले. ते डबेही सगळ्यांसमोरच मोजू.

दोन गोण्या टाकणारे ते सभासद आता दरवर्षी वर्गाला येतात. गेल्या वर्षी गोणीवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवायला तेच उभे राहिले. धारेला म्हणून उठून गेलेल्या वडीलधाऱ्या सभासदांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आपण यावे. आपली चिठ्ठी चुकली तर कोणाला कळणार नाही, आणि माझी शिकवण चुकली असेल तर ती आपल्याच चिठ्ठीमुळे कळेल.

वर्गांच्या तारखा गट ऑफिसच्या फलकावर लागतील. चिटबॉय घरी येऊनही सांगतील. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.



आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी